खुलासा: पिंक फ्लॉइडच्या व्हिडिओतला कुत्रा ‘शेमस’ नाही

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या, इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन शहराच्या अवशेषांत चित्रित झालेल्या संगीतपटातला कुत्र्याच्या ‘गाण्या’चा एक तुकडा सध्या ‘हाच तो शेमस, पॉम्पेईच्या अवशेषांत गाताना’ अशा मजकुरासह फिरतो आहे. हे चुकीचे आहे.

शेमस हा स्मॉल फेसेस या दुसऱ्या ब्रिटिश बँडच्या स्टीव्ह मॅरियटचा कुत्रा. पिंक फ्लॉइडच्या १९७१च्या ‘मेडल’ अल्बममधल्या ‘शेमस’ गाण्यात त्याचेच विव्हळणे ऐकू येते.

व्हिडिओत दिसते ती नॉब्स, बोरझॉय जातीची कुत्री. या तुकड्याचे चित्रीकरणही पॉम्पेईचे नव्हे, पॅरिसच्या स्टुडिओतले. बँडमधला डेव्हिड गिलमूर हार्मोनिका (माउथ ऑर्गन) वाजवतो, त्याचा साथीदार रिचर्ड राइट नॉब्सच्या तोंडाशी माइक धरतो, आणि ती काय सूर लावते! शब्द एकही नाही. या तुकड्याचे नावच ‘मादमोझेल नॉब्स’ आहे. तिचे श्रेय तिला मिळायलाच हवे.