हाव म्हणा, राजेहो!

प्रमाण मराठीत ‘हाव’ म्हणजे हव्यास. आमच्या नागपुरात ‘हाव’ म्हणजे होकार. पुण्या-मुंबईच्या माणसाला आधी हाव सुटते आणि मग वेगळं ‘हो’ म्हणावं लागतं. आपलं एका शब्दात भागतं. म्हणजे तुम्ही नागपूरकर असाल तर साहेबांच्या होला हो म्हणायची अर्धी तयारी जन्मतःच झालेली आहे, राजेहो. उरलेली मी करून देतो.

पहिलं म्हणजे स्वतःला ‘होयबा’ म्हणवून घेऊ नका. ते लोकांनी म्हणायचं, तेही आपली पाठ वळल्यावर. आपण ‘अनुमोदन’ देतो. साहेबांची नक्कल करत नाही, त्यांचा ‘कित्ता गिरवतो’. कित्ता म्हणजे वळणदार अक्षराचा नमुना, शिकणाऱ्याने त्यावरून हात फिरवायचा. साहेबांचं वळण कोंबडीच्या पायाचं असलं तरी आपला हात तिथूनच फिरला पाहिजे. मूळ कागदावर मेलेली माशी चिकटलेली दिसली म्हणून नकलेवरही नेमक्या त्याच जागी माशी मारून चिकटवणाऱ्या कारकुनाची गोष्ट सांगून लोक हसतात, ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ म्हणतात. हसू द्या. बरहुकूम काम करणाऱ्या त्या माणसाला दुसरी माशी पकडायला किती धावपळ करावी लागली असेल, याचा विचार कोणी केलाय?

आता नंदीबैल. हा आपल्या विद्येतला आद्य गुरू. ढोलक्यावर गुबुगुबु वाजलं की मान हलवायची, एवढाच अभ्यासक्रम. पण शिकाऊ मंडळी इथे एक चूक हमखास करतात: प्रश्न ऐकत बसतात. मुरलेला नंदी प्रश्न ऐकतच नाही, त्याचं सगळं लक्ष धन्याच्या हाताकडे. पाऊस पडेल का? हलली मान. पोरीचं लग्न जमेल का? हलली. मीटिंगमध्ये साहेब काय बोलले यात शिरू नका, कुठे थांबले तेवढं टिपा. थांबले की हलवा. दोनदा हलवू नका, शंका येते.

तान्ह्या पोळ्याला मात्र जपून. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं सजवलेले लाकडी नंदी ओढत दारोदार फिरतात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे गोळा करतात. हा लाकडी नंदी मान हलवत नाही. कितीही गुबुगुबु करा, ताठ तो ताठच, वर बोजारा मिळतो तो मिळतोच. असला आदर्श लहान पोरांच्या हाती द्यावा का, हे एकदा कोणीतरी मनावर घ्यायला हवं. त्याच दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, सोबत बडगे, म्हणजे गावाला नकोशा गोष्टींचे पुतळे असतात. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून सगळं गाव ओरडतं. होयबाचा बडग्या काही माझ्या पाहण्यात आला नाही. तो खांद्यावर घ्यायला बाकीची माणसं आणायची कुठून?

गाण्याची आवड असेल तर झील धरा. आपल्याकडच्या खडी गंमत या लोकनाट्यात शाहीर पुढे उभा राहतो, झीलकरी मागे. शाहिराने ओळ टाकली की तिची शेपटी पकडून झील ओढायची. पण खऱ्या झीलकऱ्याच्या नादी लागू नका. त्याला अख्खं गाणं पाठ असतं, आणि शाहिराचा दम तुटला तर ओळ तोच सावरतो. आपल्याला शेपटीच बरी. उद्या साहेबांचा दम तुटला आणि सगळ्यांनी आपल्याकडे पाहिलं, तर पुढची ओळ कुठे येते आपल्याला?

त्याहून सोपा मार्ग ‘मम’चा. पूजेत गुरुजी संस्कृतातून संकल्प सांगतात, यजमानाने ‘मम’ म्हणून पळीभर पाणी सोडायचं. मम म्हणजे माझं. काय माझं, ते गुरुजींना ठाऊक.

थोरामोठ्यांचा नमुना पाहायचा तर डिसेंबरात सिव्हिल लाइन्सकडे जा. १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातून विधिमंडळाचं एक अधिवेशन आपल्या गावात आणून ठेवलंय. विधान भवनात आवाजी मतदान होतं, आणि ‘होयचे बहुमत’ हे दोन शब्द कानावर पडतात. मतविभागणी मागितली तर डोकी मोजावी लागतात. एरवी आवाजावर भागतं.

आमच्या अपार्टमेंटच्या सेक्रेटरींनाही हे दोन शब्द फार आवडतात. एप्रिलमधल्या सभेत त्यांनी ‘विषय क्रमांक चार’ एवढंच म्हटलं आणि मी हात वर करून ‘अनुमोदन’ म्हणून मोकळा झालो. सूचक अजून उठायचा होता. सेक्रेटरी खूश झाले, मग त्यांनी ठराव वाचला: पाण्याची टंचाई पाहता उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी कुलरला वापरू नये. आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, थेट गच्चीखाली. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पार जातो, आणि कुलरची टाकी दुपारपर्यंत कोरडी ठणठणीत होते.

‘होयचं बहुमत, ठराव संमत,’ सेक्रेटरी म्हणाले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

खालच्या मजल्यावरच्या काकू तेवढ्या माझ्याकडे वळल्या. ‘पण भाऊ, तुमच्याच घरी त दोन कुलर आहेत नं?’

मी म्हटलं, ‘हाव.’