‘दुखेपर्यंत ताणा, पाठ मोकळी होईल’ : हा सल्ला कुठे चुकतो

सल्ला असा फिरतो आहे : उठल्या उठल्या वाकून पायाची बोटं धरा, दुखेपर्यंत ताणा, ‘कट्’ वाजलं की पाठ सुटली, खांदा अडत असेल तर हात जोर लावून मागे ओढा.

‘उठल्या उठल्या’ : रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे तेव्हा वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. पहिला तासभर खोल वाकू नये.

‘बोटं धरा’ : मांडीमागचे स्नायू आखडलेले असले की खुबा पुढे कलत नाही आणि सगळा बाक कमरेतून काढला जातो. बोटं हाताला लागतात, आखडलेलं तसंच राहतं. त्यापेक्षा उताणं झोपा, एका तळव्याला टॉवेल अडकवा, गुडघा किंचित सैल ठेवून पाय वर घ्या. 30 सेकंद, प्रत्येक पायाला 2–3 वेळा.

‘दुखेपर्यंत’ : दुखू लागलं की स्नायू उलट आवळून धरतो. श्वास संथ चालेल इतकाच ताण घ्यावा. हिसके तर नकोतच.

‘कट्’ : सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा तो आवाज. स्नायू सुटल्याची ती खूण नव्हे.

खरा घोळ खांद्याचा. पोक काढून बसा आणि हात वर करा. मग ताठ बसून करा. दुसऱ्यांदा हात जास्त वर गेला, तर अडचण निदान काही अंशी पाठीच्या वरच्या भागात आहे. मग हात ओढून काय साधणार? कुशीवर झोपा, दोन्ही गुडघे 90 अंशांत दुमडून एकमेकांवर ठेवा, वरचा हात उघडत छाती छताकडे वळवा. गुडघे सुटले की पिळा कमरेत उतरतो, म्हणून मध्ये उशी दाबून धरा. प्रत्येक कुशीवर 8–10 वेळा, सावकाश.

छातीसाठी दाराची चौकट पुरते : कोपर खांद्याच्या किंचित खाली, त्याच बाजूचा पाय पुढे, धड विरुद्ध बाजूला वळवा. ताण छातीत यायला हवा. खांद्याच्या पुढच्या टोकाला टोचलं तर कोपर आणखी खाली घ्या. तिथे रेटत राहिलं तर खांदा नंतर कुरकुरू शकतो.

कोपर दुमडून अंगाला चिकटवा आणि पंजा बाहेर वळवा. दुसऱ्याने हलक्या हाताने वळवूनही तो फिरत नसेल, तर खांदा गोठल्याची (फ्रोझन शोल्डर, म्हणजे सांधाच आखडून बसल्याची) शक्यता असते. ताणणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. पाठदुखीसोबत पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.