चारच्या पटीत

मुंबईत मासमीडिया शिकणाऱ्या पोरांनी इराणी कॅफेला आजवर इतक्यांदा 'अखेरच्या घटका' मोजायला लावल्या आहेत, की मालकांनी आता दरपत्रकातच तशी सोय करायला हरकत नाही: बनमस्का इतके, चहा इतका, अस्तंगत होण्याविषयी दोन वाक्यं इतके. बीएमएमला, म्हणजे मासमीडियाच्या तेव्हाच्या पदवीला, मासिक काढावं लागायचं आणि त्याला गुण असायचे. विषय ठरलेले. इराणी कॅफे, लोकलचा लेडीज डबा, कोळीवाडा, धारावी. आमच्या गटाने 'काहीतरी वेगळं करू या' म्हणत कँटीनमध्ये दुपारच्या दुपारी घालवल्या आणि शेवटी इराणी कॅफेच घेतला. वेगळेपण एवढंच, की शीर्षकाच्या शेवटी आम्ही प्रश्नचिन्ह टाकलं.

आधी संकल्पनेचं टिपण द्यायचं होतं. त्यात 'आपला वाचक कोण' हा रकाना. आम्ही लिहिलं, 'वय १८ ते २५, शहरी, सजग, दर्जेदार मराठी मजकुराच्या शोधात असलेला तरुण वर्ग.' मॅडमनी चष्म्यावरून बघत विचारलं, "यातला एखादा तुमच्या ओळखीचा आहे का?" आम्ही नऊ जणांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळे १८ ते २५ मधले, सगळे शहरी. पुढच्या विशेषणांपाशी मात्र जो तो आपापल्या मोबाइलमध्ये शिरला.

मग पदवाटप. नऊ जणांत चार संपादक झाले: मुख्य, कार्यकारी, सह आणि अतिथी. अतिथी संपादक आमच्याच वर्गातला होता. वर्गात क्वचित यायचा, म्हणून अतिथी. पण त्याच आठवड्यात मॅडमनी प्रेस कायदे घेतले. तेव्हा १८६७ चाच कायदा चालू होता. अंकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण हवं, आणि छापायच्या मजकुराची निवड ज्याच्या हातात तो संपादक. वृत्तपत्राच्या तळाशी बारीक अक्षरात 'निवडीची जबाबदारी' असं का छापतात, हे त्या दिवशी वर्गाला कळलं. दुसऱ्या दिवशी तीन संपादकांना मांडणीत जास्त रस असल्याचा साक्षात्कार झाला. उरले मी.

संपादकीय लिहायला बसले की हात आपोआप '६ जानेवारी १८३२' असंच लिहितो. बाळशास्त्री जांभेकरांनी त्या दिवशी 'दर्पण' सुरू केलं, म्हणून आपण पत्रकार दिन साजरा करतो, इथवर सगळं बरोबर. पण ते वृत्तपत्र! मासिक काढताना निदान त्यांच्याच 'दिग्दर्शन'ची आठवण काढावी, तर त्या १८४० मधल्या मासिकाला कुणी विचारत नाही, कारण त्याच्या नावाने कुठला दिन नाही. मी बाणेदारपणे 'दिग्दर्शन'ने सुरुवात केली. सहसंपादकाने वाचून विचारलं, "सिनेमाचा अंक आहे का आपला?" मी 'दर्पण'वर परत आले.

मासिकात काय जावं हे संपादकीय धोरण ठरवतं, असं पाठ्यपुस्तकात असतं. प्रत्यक्षात ते पिन ठरवते. ए-थ्री कागद मधोमध दुमडला की त्याची चार पानं होतात. असे सहा कागद एकात एक घालून मध्ये पिन मारली की २४. पानं वाढली तर चारने वाढतात, कमी झाली तरी चारनेच. माणसाचं म्हणणं चारच्या पटीत संपत नाही याच्याशी पिनेला काही देणंघेणं नसतं. आमचा मजकूर २१ पानांत संपला. एक पान कापून २० करावीत, तर लेखक मंडळी एक ओळ सोडायला तयार नाहीत. आदल्या महिन्यात 'दोनशे शब्द तरी दे रे' म्हणून ज्यांच्या मागे फिरले, त्यांच्या प्रत्येक विशेषणाला आता वारसाहक्क लागला होता. म्हणजे २४ आलीच आणि तीन पानं रिकामी.

मराठी साहित्यातला किती मजकूर केवळ पिनेपायी जन्माला आला असेल, याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा. आमच्याकडे २२ व्या पानावर वाचकांची पत्रं आली. पहिलाच अंक, तरी आली. 'आपला मागचा अंक संग्राह्य होता' असं एका पत्रात होतं. ते अतिथी संपादकाने लिहिलं, आणि वर्षभरात त्याने अंकासाठी लिहिलेला तेवढाच मजकूर. २३ व्या पानावर सुडोकू टाकलं, खाली 'उत्तर पान २४ वर'. आणि २४ वर ते उत्तर नि 'पुढील अंकात' अशी जाहिरात. पुढचा अंक निघणार नव्हता, पण पान चौकोनी होतं आणि ते भरायचं होतं.

छपाई प्रभादेवीच्या एका औद्योगिक वसाहतीत. तिथल्या डीटीपीच्या काकांनी पेन ड्राइव्ह लावला, मुखपृष्ठ उघडलं आणि शांतपणे म्हणाले, "ताई, हा फोटो व्हॉट्सॲपवरून आलाय ना?"

"पण स्क्रीनवर छान दिसतोय की काका."

"स्क्रीनवरच छापू मग."

ए-फोर पान ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, छापायचं तर फोटो २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा लागतो. व्हॉट्सॲपने वाटेत त्याचा लांब काठ सोळाशेच्या आसपास आणून ठेवला होता. शिवाय रंग. स्क्रीनवरचं निळं प्रकाशाचं, कागदावरचं शाईचं, आणि शाया परत चारच. त्या चौघींनी मिळून कॅफेच्या आकाशी भिंतीला वांग्याचा रंग दिला. आठव्या आणि नवव्या पानांवर मिळून मालकांचा पसरट फोटो हवा, असा मांडणीवाल्यांचा हट्ट होता. पण ते पान काही मधलं नव्हतं. मधली १२-१३. छापताना आठच्या शेजारी सतरावं येतं, नऊच्या शेजारी सोळावं. म्हणजे मालकांचं अर्धं नाक एका कागदावर, अर्धं दुसऱ्यावर. पिन मारल्यावर ती जुळली, पण जुळली म्हणजे भांडण झालेल्या जावा एका पंगतीत बसाव्यात तशी.

खरा घात फाँटने केला. आम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेलं, काकांकडे सगळं श्रीलिपी या डीटीपीच्या सॉफ्टवेअरमध्ये. मजकूर कन्व्हर्टरमधून गेला आणि बाहेर येताना ऱ्या मधली ती पापणीसारखी रेघ गळून रफार चढला. एका लेखातल्या दऱ्या दर्या झाल्या, म्हणजे ट्रेक थेट समुद्रात. आणि कॅफेच्या भटारखान्यातली मुलाखत, शीर्षक 'आचाऱ्यांशी गप्पा', ती झाली 'आचार्यांशी गप्पा'. खाली पहिलं वाक्य: 'पहाटे चारला उठून आधी खिमा चढवतो.'

ते काकांनीच पकडलं. आमच्यातल्या दोघींनी मुद्रितशोधन केलं होतं. फक्त एकीचा ऱ्हस्व दुसरी दीर्घ करत होती, त्यामुळे प्रूफ शेवटी होतं तसंच्या तसं परत आलं होतं.

राहिले पैसे. जाहिराती विभागाने क्लासेस, झेरॉक्सवाले, एक ब्यूटीपार्लर असे दोनशे-तीनशे करत जमवले. एका कार्यकर्त्याने मोठी रक्कम देऊ केली. अट एकच, शुभेच्छांसोबत साहेबांचा फोटो मुखपृष्ठावर आणि आमचं मासिकाचं नाव 'खाली कुठेतरी'. मोह झाला, खोटं कशाला बोलू; निदान तो फोटो तरी ३०० डीपीआयचा होता. शेवटी मशीन सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी मांडणीवाल्याच्या पेणच्या मामांचा फोन आला. त्यांचं मंगल कार्यालय. पूर्ण मलपृष्ठ देणार असाल तर छपाईचं निम्मं बिल माझं, म्हणाले. 'पुढील अंकात' तिथल्या तिथे बंद पडलं आणि २४ व्या पानावर लाल-पिवळं तोरण लागलं. बाकीची पानं तोवर पास झाली होती.

तोंडी परीक्षेला बाहेरून सर आले. आम्ही पाठ करून गेलो होतो: वाचकवर्ग, भाषाधोरण, मुखपृष्ठामागची भूमिका. वांग्याच्या रंगाला 'विस्मृतीची छटा' म्हणायचं ठरलं होतं. सरांनी मुखपृष्ठ पाहिलं, संपादकीयावर '६ जानेवारी' दिसताच दोन पानं एकदम उलटली, मालकांच्या नाकापाशी क्षणभर थबकले आणि सरळ २३ वर गेले. खिशातून पेन्सिल काढली. आम्ही नऊ जण उभे. बराच वेळ फक्त पेन्सिलचा आवाज. उजव्या कोपऱ्यात अडल्यावर त्यांनी खालची ओळ वाचली आणि अंक पालथा केला.

तोरणाकडे ते जरा जास्तच वेळ बघत राहिले. मुख्य संपादक कोण, असं त्यांनी विचारलं. मी पुढे झाले.

"हे पेणचं कार्यालय," सर म्हणाले, "एसी हॉल आहे म्हणतात. मे महिन्यातली तारीख मिळेल का? मुलीचं आहे."

मांडणीवाल्याने तिथूनच मामांना फोन लावून दिला.