सोर्स कोड मागणे शिष्टाचाराला धरून नाही

डॉक्टरसाहेब, वीस खाटांचे नवे रुग्णालय उभे केल्याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन. क्ष-किरण यंत्र आले, जनरेटर आला, स्वागतकक्षात गणपतीची तसबीर लागली; आता राहिले ते रुग्णांच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर. या कामी कोणा उत्साही भाच्या-पुतण्याचे ऐकून आपण ‘ओपन सोर्स’च्या, म्हणजे ज्याचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ सूचना) कोणालाही वाचता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या, फंदात पडू नये, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

सॉफ्टवेअर नेहमी असे घ्यावे, की त्याच्या पोटात काय चालले आहे हे आपल्याला, आपल्या रुग्णाला आणि शक्य झाल्यास ते विकायला आलेल्या टायवाल्या मुलालाही कळू नये. खोकल्याच्या बाटलीवर घटकद्रव्ये छापावी लागतात हे खरे. पण तो औषधाचा नियम झाला. त्या औषधाची मात्रा ज्या पडद्यावर दिसते, तो पडदा कोणत्या हिशेबाने चालतो असे विचारणे म्हणजे पाहुण्याला पगार विचारण्यासारखे आहे.

मी अकरा वर्षे एका रुग्णालयाचा रेकॉर्ड विभाग सांभाळला. आमच्या मुख्य संगणकाच्या पाठीमागे करंगळीएवढा एक निळा डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली, खोचलेला असे. फरशी पुसणाऱ्या मावशींचा हात त्याला लागला, की ‘परवाना सापडला नाही’ अशी पाटी पडद्यावर यायची आणि केसपेपर, प्रयोगशाळा, बिल असे सगळे जागच्या जागी थांबायचे. शेवटी सिस्टरांनी सलाइनची सुई चिकटवायची पट्टी आणून तो डोंगल बांधून टाकला आणि मी वर ‘हात लावू नये’ असे लिहिले. पुढे ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि नव्या मालकांनी आमच्या आवृत्तीची सेवा बंद केली. आम्ही आमच्याच रुग्णांच्या नोंदी परत मागितल्या, तेव्हा त्याचे वेगळे दरपत्रक आले. पैसे भरल्यावर मिळाल्या त्या हजारो पीडीएफ फायली. एखाद्या मधुमेही बाईची पाच वर्षांची साखर एका ओळीत पाहायची असेल, तर एकेक फाइल उघडून आकडे वहीत उतरवायचे. अक्षर सुधारते, हा त्याचा फायदा.

आता कोणी म्हणेल, की बंद कोडमधली चूक सापडणार कशी? त्यासाठी रुग्ण असतातच. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचे उदाहरण आपण कॉलेजात ऐकले असेल. आधीच्या यंत्रांतले यांत्रिक अटकाव काढून उत्पादकांनी सारा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला आणि १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडामध्ये सहा रुग्णांना नको तितका किरणोत्सर्ग मिळाला. त्यांतले काही दगावले. यंत्र पडद्यावर ‘मॅलफंक्शन ५४’ एवढेच म्हणायचे, आणि याचा नीट अर्थ सोबतच्या पुस्तिकेत नव्हता. असा जादा मारा होऊच शकत नाही, असे कंपनी सांगत राहिली. अखेर टेक्सासमधील टायलर येथील रुग्णालयाच्या भौतिकशास्त्रज्ञाने, यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंना सोबत घेऊन, पुन्हा पुन्हा टंकून दाखवून दिले, की चुकीचे अक्षर झरझर दुरुस्त केले तर यंत्र फसते. हा तपास त्यांना कोड न पाहता, बाहेरून, बोटांच्या वेगावर करावा लागला. कोड समोर असता तर इतक्या शोधक वृत्तीला वाव कुठे मिळाला असता?

चर्चेत आपली बाजू लंगडी पडू लागली, तर कोड आणि नोंदी यांत खुशाल घोळ घालावा. ‘कोड उघडा म्हणजे रुग्णांची गुपितेही उघडी!’ असे एकदा मोठ्या आवाजात म्हटले, की ट्रस्टी मंडळी हमखास घाबरतात. भाकरीची कृती गावभर ठाऊक असली म्हणून आपल्या डब्यातली भाकरी कोणी पळवत नाही, हे त्यांच्या ध्यानात येण्याआधी चहा मागवावा.

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीचे नाव कोणी काढलेच, तर घड्याळाकडे पाहावे. तिथल्या जन स्वास्थ्य सहयोगच्या ग्रामीण रुग्णालयात ‘बाह्मनी’ नावाची प्रणाली आकाराला आली. रुग्णनोंदींसाठी ओपनएमआरएस, प्रयोगशाळेसाठी ओपनएलिस, बिलांसाठी ओडू असे आधीच खुले असलेले भाग जोडून ती बनली आणि पुढे इतर देशांतल्या रुग्णालयांनीही ती उचलली. अशा ठिकाणीसुद्धा सर्व्हर लागतो, माणसे शिकवावी लागतात, देखभालीचा खर्च चुकत नाही. हे मुद्दे आपण जरूर मांडावेत, कारण ते खरे आहेत. फक्त देखभाल करणारा पटला नाही तर तिथे दुसरा आणता येतो, एवढे वाक्य गाळावे. केंद्र सरकारने २०१५ साली आपल्या खात्यांसाठी खुल्या सॉफ्टवेअरला पसंती देणारे धोरण काढले, तेही सांगण्याची गरज नाही.

शेवटी एक सावधगिरी. आपल्या ओपीडीत एखादी आजी येईल आणि साडीच्या दुकानाची जुनी पिशवी टेबलावर उपडी करील. त्यात बाळंतपणापासूनचे केसपेपर, पिवळे पडलेले ईसीजी, तीन गावच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सगळे तारखेवार लावलेले असेल. तिच्याकडे डोंगल नसतो, तरी सगळे उघडते. तिला तो कचरा घरी ठेवायला सांगावे, नवा नोंदणी क्रमांक द्यावा आणि सर्व्हर सुरू होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसवावे.