दुर्बीण, डुक्कर अन् देवयानी

अंधार आमच्याकडे फुकट मिळतो. 2024 साली पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे तारे दिसावेत म्हणून अंधार जपलेली जागा, असा मान मिळाला. दारव्ह्याकडच्या आमच्या गावाला तोच मान लोडशेडिंगने कितीतरी आधी देऊन ठेवलाय, फक्त प्रमाणपत्र यायचं राहिलं.

तेव्हा आकाश तयार होतं, दुर्बीण तेवढी नव्हती. बजेट चार हजार. आकडा ऐकताच काकांनी बोटांवर हिशोब केला, "युरियाच्या पंधरा बॅगा झाल्या ना बाप्पा!" हिशोब चोख होता. 266 रुपये 50 पैशांची बॅग, पंधरा घेतल्या तर वर अडीच रुपये उरतात. (पंधरा बॅगा एकदम देणारा दुकानदार मात्र दुर्बिणीनेच शोधावा लागेल.) मग थोडं थांबून ते म्हणाले, "डुकरं दिसतीन काय त्याच्यातून?" तूर शेंगांवर आली की काका रात्री जागलीला जातात. त्यांच्या दृष्टीने रात्री पाहण्यासारखं जे काही आहे ते सगळं धुऱ्याच्या अलीकडे असतं.

यवतमाळच्या दुकानात सगळा जोर 'एक्स'वर, म्हणजे किती पट मोठं दिसतं त्यावर. "साहेब, हे वीस एक्स. हे झूम, तीस एक्सपर्यंत जाते. थेट चंद्रावर!" मी नुसता दहा एक्स मागितल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फोर व्हीलरच्या शोरूममध्ये घंटी विचारतोय. आता त्याला कसं सांगणार, की वीसपट मोठं दिसतं तेव्हा हाताची थरथरही वीसपट होते. हातात धरून पाहिलं तर गुरू आकाशात झिंगल्यासारखा नाचतो. स्टँड घ्यायचा तर आणखी बॅगा. झूमवाल्यात तर आकडा वाढेल तसा उजेड कमी होत जातो, आणि स्वस्तातल्या झूमची दोन नळकांडी एकमेकांशी फारकत घेतलेल्या जोडप्यासारखी वेगवेगळीकडे पाहतात. लाल चमकणाऱ्या काचांची एक होती, तिला त्याने 'नाइट व्हिजन' म्हटलं. ती लाली म्हणजे आत जायचा प्रकाश बाहेर परतवणारा लेप. ताऱ्यांचा आधीच चिमूटभर उजेड, त्यातलाही दारातून परत पाठवायचा!

खरं राजकारण दुसऱ्या आकड्यात असतं. दुर्बिणीवर लिहिलेल्या 10 गुणिले 50 मधले दहा म्हणजे ते 'एक्स', आणि पन्नास म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. तारे पाहताना कामाला येतो तो हा, कारण उजेड तो गोळा करतो. पन्नासला दहाने भागलं की पाच. तेवढ्या मिलिमीटरचं प्रकाशाचं वर्तुळ डोळ्यात शिरतं. 7 गुणिले 50 मध्ये तेच सातच्या वर जातं. ऐकायला झकास, पण अंधारात डोळ्याची बाहुली सात मिलिमीटर उघडते ती तरण्या पोरांची. माझी पन्नाशी उलटलेली. माझी पाचच्या आसपास दमते. म्हणजे सात घेतली तर उरलेला उजेड माझ्या डोळ्यांखालच्या पिशव्यांवर सांडणार. दुर्बीण घेताना दुकानदाराला आपलं वय सांगावं लागतं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

शेवटी 10 गुणिले 50 च, ठोकळेबाज पोरो प्रिझमची, म्हणजे मधेच मोडल्यासारख्या नळ्यांची. या पैशात सरळ नळीची देखणी दुर्बीण घेतली तर देखणेपणच जास्त मिळतं. हात लांब करून मागच्या काचेत उजेडाचं वर्तुळ पाहिलं. ते पूर्ण गोल असावं, कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर प्रिझम हलक्या काचेचं. मग दुकानाबाहेर जाऊन लांबच्या मोबाईल टॉवरवर रोखली. टॉवर दोन दिसले की दुर्बीण परत, एक दिसला की पैसे. हे चाललं असताना दुकानदार मला गिऱ्हाईक समजायचं सोडून इन्स्पेक्टर समजू लागला, आणि भावही जरा उतरला.

घरी आल्यावर बाजेवर उताणं पडून, कोपरं छातीला टेकवून पाहायचं, हे तंत्र बायकोला आवडलं नाही. "पडायले बहाना भेटला तुमाले." तरी तिनेही पाहिलं. कृत्तिकांत नुसत्या डोळ्यांना सहा दिसतात, तिथे हा ढीग! गुरूच्या बाजूला 1610 मध्ये गॅलिलिओला दिसलेले ते चार चंद्र एका रेषेत. शनीची कडी मात्र दहापटीत काही सुटी दिसत नाहीत, तेवढी निराशा आधीच गिळून ठेवावी. चार चंद्र म्हटल्यावर ती दचकली. "आपल्या एका चंद्रापायी संकष्टीले रातचे दहा वाजते. चार असते तं जेवाले भेटलं असतं काय?"

पंचाईत निघाली ती तिथीची. तारे पाहायला अमावस्या हवी, आणि तुरीत डुकरं घुसतात तीही अंधाऱ्या रात्रीच. पन्नास मिलिमीटरची काच तिन्हीसांजेला धुऱ्यावरचं डुक्कर इतकं स्वच्छ दाखवते, की काकांनी पंधरा बॅगांचा विषयच काढणं बंद केलं आणि दुर्बिणीचा पट्टा स्वतःच्या गळ्यात घातला. मार्गशीर्षात देवयानी दीर्घिका संध्याकाळी माथ्याजवळ, जरा उत्तरेला येते. मी मागायला गेलो, पोटतिडकीने सांगितलं की काका, तिचा उजेड पंचवीस लाख वर्षं चालून आपल्यापर्यंत येतो. काकांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढलीसुद्धा नाही.

"पंचवीस लाख वर्सं चालली ना ते? मंग दोन घंटे अखीन थांबन. डुक्कर नाई थांबत, बावा."