रेंज दिसणं आणि रेंज मोजणं: ‘जुना नाशिककर’ यांना उत्तर

नमस्कार,

फाइव्ह-जीच्या २६ गिगाहर्ट्झ पट्ट्यातला सिग्नल वाटेत किती घटतो ते मोजण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलंच फैलावर घेतलंय, तेव्हा उत्तरही ऐसपैस देतो. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फोनमध्ये फुकटचं अॅप टाकून तुम्ही स्कूटरवर कॉलेज रोड, गंगापूर रोड, सिडको असा फेरा मारला आणि सगळीकडे फाइव्ह-जीची रेंज झकास दिसली. मग ट्रायपॉडवर भोंगा (हॉर्न अँटेना) लावून उन्हात उभं राहायचं नाटक कशाला? शिवाय उंच फ्रिक्वेन्सी हवेतच विरते हे सूत्रातच आहे, घटीचा अंदाज देणारी मी दिलेली मॉडेलं न्यूयॉर्कची आहेत, पावसाचा लेखात पत्ता नाही, आणि परवानगी होती का, असंही तुम्ही विचारलंय.

आधी तुमचा लॉग, म्हणजे अॅपने केलेली नोंद. त्यात एनआर-एआरएफसीएन (फोन कुठल्या फ्रिक्वेन्सीवर होता त्याचा क्रमांक) नावाचा रकाना आहे, तो उघडा. आकडा ६२०००० ते ६५३३३३ यांच्यामधला असेल तर तुमचा फोन ३.३ ते ३.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात होता. दीड लाखाच्या आसपास असेल तर ७०० मेगाहर्ट्झवर. २६ गिगाहर्ट्झचे आकडे वीस लाखांच्या पुढे, २०१६६६७ पासून सुरू होतात. तसा एकही तुम्हाला सापडणार नाही, अशी माझी पैज. २०२२ च्या लिलावात हा पट्टा कंपन्यांनी घेतला हे खरं, पण आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनमध्ये त्याचा अँटेनाच नसतो. म्हणजे ज्या लहरीबद्दल लेख होता, ती तुमच्या फोनला ऐकूच येत नव्हती.

आता समजा फोन बदलला. तरीही माझा आक्षेप कायम राहतो, आणि खरा मुद्दा तोच आहे. अॅप जो आरएसआरपी दाखवतं तो फोनच्या हाती शेवटी काय लागलं त्याचा आकडा. वाटेत किती घट झाली हे काढायचं तर टॉवरवरून किती शक्ती निघाली, ती कुठल्या दिशेने निघाली आणि घेणाऱ्या अँटेनाने त्या दिशेला किती साथ दिली, हे सगळं माहीत हवं. घरच्या नळाची धार बघून गंगापूर धरण किती भरलंय ते सांगण्यातलाच हा प्रकार; मधे पंप, टाकी, व्हॉल्व्ह आणि शेजाऱ्याची मोटर आहे. २६ गिगाहर्ट्झवर तर टॉवर एकामागोमाग एक ६४ पर्यंत बीम (अरुंद झोत) फिरवू शकतो. तुम्हाला त्यातला कुठला मिळाला? फोन खिशात होता की हँडलवरच्या स्टँडला? तळहात अँटेनावर आला तरी आकडा धाडकन खाली येतो. ती घट गंगापूर रोडच्या नावावर कशी मांडायची?

म्हणून तो भोंगा. हॉर्न अँटेनाची गेन, म्हणजे तो त्या दिशेला सिग्नलला किती साथ देतो ते, प्रत्येक कोनात माहीत असते. पाठवणारं यंत्र आणि घेणारं यंत्र आधी अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक कमी करणारा भाग) लावून केबलनेच एकमेकांना जोडायचं, म्हणजे केबल आणि यंत्रं किती खातात ते कळतं. मग मोकळ्यावर, दोन्ही हॉर्न समोरासमोर ठेवून, मोकळ्या जागेतल्या घटीच्या सूत्राशी मेळ बसतो का ते बघायचं. मेळ बसेपर्यंत गल्लीत शिरायचं नाही. पुढे प्रत्येक जागी हॉर्न थोडा थोडा वळवत पूर्ण चक्कर मारायची, कारण कुठली लहर समोरून आली आणि कुठली बाजूच्या भिंतीवरून उसळून आली हे वेगळं काढायचं असतं. कंटाळवाणं काम आहे, नाटक नक्कीच नाही. (आणि भोंग्याला हसू नका. जगदीशचंद्र बोस १८९० च्या दशकात कलकत्त्यात मिलिमीटर लहरींवर प्रयोग करत होते, तेव्हा त्यांच्याकडेही असाच भोंगा होता.)

स्कूटरचीही एक गंमत आहे. भिंतींवरून उसळलेल्या लहरी एकमेकींत मिसळल्या की काही मिलिमीटरवर सिग्नल वरखाली उड्या मारतो. त्याची सरासरी साधारण ४० तरंगलांबी अंतरावर काढायची, असा ड्राइव्ह टेस्टवाल्यांचा जुना दंडक आहे. ७०० मेगाहर्ट्झला हे अंतर १७ मीटर भरतं. २६ गिगाहर्ट्झला तरंगलांबीच ११.५ मिलिमीटर, म्हणजे अशा ४० मिळून ४६ सेंटिमीटर. फोनचा जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे होतो. तुमच्या नकाशावरच्या एका ठिपक्यात अशा किती सरासऱ्या एकमेकींत कालवल्या असतील, बघा.

‘हवेत विरते’ हा समज मात्र फार पसरलाय, म्हणून त्यावर थांबतो. मोकळ्या जागेतलं फ्रिसचं सूत्र १९४६ चं. त्यानुसार १०० मीटरवर ३.५ गिगाहर्ट्झची घट सुमारे ८३ डेसिबल (घट मोजायचं माप; दर १० डेसिबलला शक्ती दहापट कमी) आणि २६ गिगाहर्ट्झची १०१. पण पुढे १०० चे २०० मीटर झाले की दोन्हींची घट सारखीच वाढते, ६ डेसिबल. हवेनेच खाल्लं असतं तर हा फरक अंतराबरोबर वाढायला हवा होता. सुरुवातीचा साडेसतरा डेसिबलच्या आसपासचा फरक येतो तो अँटेना लहान होत जातो म्हणून. तेवढ्याच जागेत मग जास्त अँटेना बसवता येतात: आठ बाय आठची जाळी जेमतेम पाच सेंटिमीटरच्या चौकोनात मावते आणि १८ डेसिबल परत देते. हवेत खरोखर विरते ती ६० गिगाहर्ट्झच्या आसपास, ऑक्सिजनमुळे, किलोमीटरला साधारण १५ डेसिबल. २६ ला हवेचा वाटा किलोमीटरमागे एक डेसिबलपेक्षा खूप कमी आहे.

पावसाचं गणित लेखात नव्हतं, ते इथे देतो. तासाला १०० मिलिमीटर या वेगाने कोसळणारा पाऊस २६ ते २८ गिगाहर्ट्झला किलोमीटरमागे १६ ते १८ डेसिबल खातो. डोंगरावरून डोंगरावर जाणाऱ्या मायक्रोवेव्ह लिंकला हे जड जातं. पण चौकातल्या २०० मीटरच्या सेलमध्ये (एका अँटेनाच्या टापूत) ते साडेतीन डेसिबलच्या आसपास येतं, आणि असा पाऊस काही तासन् तास पडत नाही.

खरा खड्डा भिंतीत आहे. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेच्या मॉडेलनुसार काँक्रीटमधून जाताना ३.५ गिगाहर्ट्झला १९ डेसिबल जातात आणि २६ ला १०९, म्हणजे भिंतीतून काहीच पोचत नाही. जे येतं ते खिडकीतून. साध्या काचेला सुमारे ७ डेसिबल, पण उष्णता परतवणारा लेप दिलेल्या काचेला ३१. कॉलेज रोडवरच्या चकचकीत काचेच्या इमारती आणि सिडकोतली साधी तावदानं यांत त्यामुळे जमीन-अस्मानाचा फरक पडणार.

न्यूयॉर्कच्या मॉडेलबद्दलची तुमची तक्रार मला मान्य आहे, फक्त ती माझ्याच बाजूने जाते. भद्रकालीतल्या वाड्याची काळ्या दगडाची जोती, मधे सागवानी खांब, वर मातीविटांची भिंत आणि शेवटी पत्रा. लाकूड बिचारं ८ डेसिबलमध्ये सोडून देतं. पण एवढ्या जाड दगड-मातीच्या मिश्र भिंतीचा रकाना त्या मॉडेलमध्ये नाहीच. सराफ बाजारात दुकानांची शटर खाली असताना पत्रा आरशासारखा सिग्नल गल्लीत पुढे ढकलतो, दुकानं उघडली की चित्र पालटतं. मोजायची वेळही म्हणूनच नोंदवावी लागते. गंगापूर रोडवरची मोठी झाडंही तशीच: जुन्या प्रचलित सूत्राने दहा मीटर पानांच्या दाटीतून सुमारे १७ डेसिबल जातात, ओल्या पानांत त्याहून जास्त. आणि माणसाचं शरीर आडवं आलं तरी २० डेसिबलच्या घरात घट होते. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर माणसांच्या खांद्याच्या उंचीवर अँटेना लावून चालणार नाही, हे सांगायला मॉडेल नको. किती उंच लावायचा ते मात्र मोजावंच लागेल.

परवानगीचं विचारलंत ते योग्यच. २६ गिगाहर्ट्झवर काहीही प्रक्षेपित करायचं तर पट्टा ज्या कंपनीचा तिच्यासाठी काम करायचं, नाहीतर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेसचे परवाने देणाऱ्या) शाखेकडून प्रायोगिक परवाना घ्यायचा. आम्ही पहिल्या वाटेने गेलो. तुम्हाला स्वतः हात घालायचा असेल तर ५.८ गिगाहर्ट्झची दोन वायफाय लिंक यंत्रं आणा. ठरलेल्या शक्तीच्या आत त्यांना परवाना लागत नाही. दोन्ही टोकं घट्ट बांधा, ट्रान्समिट पॉवर एका आकड्यावर कायम ठेवा, आधी मोकळ्या मैदानात वाचन घ्या आणि मग तेवढ्याच अंतरावर मधे एक झाड येऊ द्या. आलेले आकडे इथेच खाली टाका, अंतर आणि अँटेनाची गेन लिहायला विसरू नका.