पालेभाजी हवीच, पण रसाचा सल्ला सगळ्यांना नको

शरीरातला दाह, म्हणजे आतली सूज, कमी ठेवायची तर रोज पालेभाज्या खा, हे तुमच्या लेखातलं म्हणणं अगदी पटलं. पण सकाळी उपाशीपोटी पेलाभर कच्च्या पालकाचा रस प्या, हा त्यातला सल्ला सरसकट देऊ नये अशी मनापासून विनंती.

माझी आई रक्त गोठू नये म्हणून वॉरफेरिन घेते. असंच काहीतरी वाचून तिने एकदम भरपूर पालक खायला सुरुवात केली आणि पुढच्या तपासणीत तिचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) खाली आला, म्हणजे औषधाचा परिणाम कमी झाला. 100 ग्रॅम कच्च्या पालकात जवळपास 480 मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व असतं. प्रौढ माणसाची दिवसाची गरज साधारण 90 ते 120. हे जीवनसत्त्व रक्त गोठायला मदत करतं, म्हणजे औषधाच्या बरोबर उलट. डॉक्टरांनी भाजी बंद करा असं मुळीच सांगितलं नाही. रोजचं प्रमाण सारखं ठेवा, म्हणाले. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण घाबरून पालेभाज्याच सोडून देणारेही मी पाहिलेत.

मुतखड्याचा त्रास असलेल्यांनीही या रसापासून जपावं. पालकात ऑक्झलेट, म्हणजे ज्यापासून बरेच मुतखडे बनतात तो घटक, खूप असतं. पानं उकळून पाणी टाकून दिलं तर त्यातलं बरंचसं निघून जातं, रसात ती सोय नाही.

शिवाय पालेभाजीसोबत थोडं तेल हवंच, त्याशिवाय तिच्यातली बीटा कॅरोटीन आणि ल्युटीन ही पोषक द्रव्यं अंगाला नीट लागत नाहीत. लेखात वॉरफेरिनबद्दल एक ओळ जरूर घाला.